नॅस बोंबलला की आधी काय करायचं नाही

घरातल्या नॅसची, म्हणजे नेटवर्कला जोडून सगळ्यांनी वापरायच्या डिस्कच्या डब्याची, एखादी डिस्क जाणं यात विशेष काही नाही. फिरणारा भाग आहे, कधीतरी थकणारच. पण त्या एका डिस्कपायी सगळा डेटा जातो, तो बहुतेक वेळा नंतरच्या तास-दोन तासांत आणि आपल्याच हाताने. चुकीची डिस्क ओढली जाते, चांगली डिस्क विंडोजला लावून ‘इनिशियलाइझ’ला ओके म्हटलं जातं, किंवा मरायला टेकलेल्या डिस्कवर घाईघाईने रिबिल्ड, म्हणजे तिच्यावरून नव्या डिस्कवर डेटा पुन्हा उभारणं, सुरू होतं. नाशकात लग्नाचे फोटोग्राफर, छोटी सीए ऑफिसं, सिंहस्थ २०१५ पासूनचे घरचे फोटो जपणारी मंडळी यांच्याकडे दोन किंवा चार डिस्कचा नॅस आता सर्रास दिसतो. त्यांच्यासाठी ही नोंद, आधी बिघाडाची आणि मग बंदोबस्ताची. क्रम उलटा वाटेल, पण बंदोबस्तात काय महत्त्वाचं ते बिघाड समजल्याशिवाय कळत नाही.

बीप वाजायला लागली की पहिलं काम फोनवर फोटो काढायचं. स्क्रीनवरचा संदेश, स्टोरेजच्या पानावरची स्थिती, प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर आणि ती कोणत्या खणात आहे, सगळ्याचे फोटो. बीप सेटिंगमधून बंद करता येते, त्यासाठी नॅस बंद करायची गरज नाही. ‘एकदा बंद करून चालू करून बघू’ हा राऊटरचा इलाज इथे महाग पडतो. आतली वाचणारी डोकी घासत असलेली डिस्क दर वेळी सुरू होताना आणखी थोडी मरते, आणि काही डिस्क एकदा थांबल्या की परत फिरतच नाहीत.

डबाच मेला असेल तर

नॅस अजिबात चालू होत नसेल तर डिस्कला हात लावण्याआधी अडॅप्टर तपासा. सिनॉलॉजी कंपनीच्या दोन डिस्कच्या नॅसला साधारण १२ व्होल्ट ५ अँपियरचा अडॅप्टर असतो. जुना अडॅप्टर मल्टिमीटरवर छान १२ व्होल्ट दाखवतो, पण भार आला की बसतो. साडेतीन इंची डिस्क फिरायला लागताना काही सेकंद दीड-दोन अँपियर ओढते, आणि दोन डिस्क एकदम उठल्या की थकलेला अडॅप्टर हात टेकतो. लक्षण ठरलेलं: दिवा लागतो, डिस्कचा घुंई आवाज सुरू होतो, टक् होऊन सगळं बंद, पुन्हा तेच. त्याच व्होल्टचा, तितक्याच किंवा जास्त अँपियरचा आणि त्याच पिनचा अडॅप्टर लावून बघा. सीसीटीव्हीचा २ अँपियरवाला अडॅप्टर चालणार नाही.

मदरबोर्ड गेल्याचेही प्रकार आहेत. इंटेलच्या अ‍ॅटम सी२००० मालिकेतल्या प्रोसेसरचा दोष २०१७ मध्ये उघड झाला. सिनॉलॉजीच्या डीएस४१५ प्लस, डीएस१८१५ प्लससारख्या मॉडेलमध्ये हाच प्रोसेसर होता, आणि नॅस एक दिवस उठायचाच बंद व्हायचा. डिस्क मात्र ठणठणीत. अशा वेळी सगळ्या डिस्कवर मार्करने १, २, ३ असे खणाचे नंबर टाकून त्याच कंपनीच्या दुसऱ्या नॅसमध्ये त्याच क्रमाने घाला. सिनॉलॉजीचा नवा डबा ‘मायग्रेट’ करायचं का विचारतो, त्याला हो म्हणायचं. एका कंपनीच्या डिस्क दुसऱ्या कंपनीच्या नॅसमध्ये कधीही घालू नका, तो त्या कोऱ्या समजून स्वतःची सिस्टीम टाकायला निघतो.

मागच्या रिसेट बटणाबद्दल विनाकारण भीती आहे. सिनॉलॉजीवर ते टाचणीने चार सेकंद, एक बीप येईपर्यंत दाबलं तर फक्त अ‍ॅडमिनचा पासवर्ड आणि नेटवर्कची सेटिंग मूळपदावर येतात. सोडून लगेच पुन्हा चार सेकंद दाबलं तर सिस्टीम नव्याने टाकावी लागते, पण डेटाच्या विभागाला धक्का लागत नाही. डेटा जातो तो त्यानंतरच्या पानावर कुणी घाईत डिस्क पुसणारा पर्याय निवडला तर. ते पान दोनदा वाचा.

एक डिस्क गेली, व्हॉल्यूम ‘डिग्रेडेड’

म्हणजे व्हॉल्यूम, अर्थात डेटाचा साठा, अजून चालू आहे, पण एका डिस्कच्या आधाराविना. इथे बहुतेक जण लगेच नवी डिस्क आणून घालतात. माझं मत वेगळं आहे. नवी डिस्क येईपर्यंत, किंवा आली असली तरी आधी, महत्त्वाचे फोल्डर एक्सटर्नल डिस्कवर उतरवून घ्या. कारण सरळ आहे. दोन्ही डिस्क एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकाच खोक्यातून आलेल्या असतात. तितकेच तास चाललेल्या, तितकाच उन्हाळा सोसलेल्या. एक गेली म्हणजे दुसरीचाही भरवसा कमी झाला. रिबिल्डमध्ये उरलेली डिस्क पहिल्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे साठवणीचा छोटा तुकडा) शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचली जाते. ४ टीबीची डिस्क सरासरी १५० एमबी प्रतिसेकंदाने वाचली तरी साडेसात तास, आणि मधे कुणी फाइल उघडत राहिलं तर दुप्पट. वर्षानुवर्षं कुणी न उघडलेल्या जुन्या फाइलींखालचे खराब सेक्टर नेमके तेव्हा सापडतात.

साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की १ वर १४ शून्यं इतके बिट वाचताना जास्तीत जास्त एक चूक. ते होतात साडेबारा टीबी. ही कंपनीने दिलेली वरची मर्यादा आहे, प्रत्यक्षात डिस्क बऱ्याच चांगल्या वागतात. पण रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एखादी गेली तरी डेटा टिकवायची मांडणी, आणि चार डिस्कच्या रेड ५ मध्ये एक गेली की उरलेल्या तिन्ही पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे ४ टीबीच्या असल्या तर १२ टीबी. तेव्हा हा आकडा डोक्यात असू द्या.

डिस्कची तब्येत स्मार्टच्या, म्हणजे डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदींच्या, तक्त्यात दिसते. पानभर आकड्यांतले चारच बघायचे. क्रमांक ५ म्हणजे बदललेले सेक्टर: थोडे असले आणि महिनोन्‌महिने तेवढेच राहिले तर लक्ष ठेवायचं, दर आठवड्याला वाढत असले तर डिस्क बदलायची. १९७ म्हणजे वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले सेक्टर: शून्याच्या वर गेला की त्या डिस्कवर रिबिल्डचा भार टाकण्याआधी बॅकअप. १९८ त्याचाच भाऊ. १९९ मात्र डिस्कचा दोष नव्हेच, तो केबलचा किंवा खणातल्या कनेक्टरचा. नॅस बंद करून ट्रे काढून नीट बसवा. जुना आकडा तसाच राहतो, तो वाढणं थांबलं म्हणजे झालं. केवळ १९९ बघून चांगली डिस्क भंगारात गेल्याची उदाहरणं कमी नाहीत.

डिस्क ओढताना खणाच्या नंबरावर विसंबू नका, सीरियल नंबर जुळवा. काही नॅस खण डावीकडून मोजतात, काही वरून, आणि सॉफ्टवेअरमधली ‘डिस्क २’ म्हणजे तुम्ही मानता ती दुसरी असेलच असं नाही. दोन डिस्कच्या नॅसमध्ये चांगली डिस्क चालू असताना ओढली गेली तर हातात उरते ती आधीच मेलेली.

‘क्रॅश्ड’ लिहून आलं की

म्हणजे आता नॅसला डेटा जुळवताच येत नाही. तेव्हा नॅसच्या पानावरचं ‘रिपेअर’ बटण विसरा. नॅस बंद करा, डिस्कवर नंबर टाका आणि एका कॉम्प्युटरकडे वळा. पण विंडोजकडे नाही. नॅसची डिस्क विंडोजला जोडली की दोन चौकटी येतात. एक म्हणते, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा. दुसरी डिस्क मॅनेजमेंटमध्ये म्हणते, डिस्क इनिशियलाइझ करा, एमबीआर की जीपीटी? दोन्हीला कॅन्सल. विंडोजला लिनक्सचे विभाग वाचता येत नाहीत, एवढाच त्या चौकटींचा अर्थ.

घरगुती नॅसच्या पोटात लिनक्सच असतं. खाली एमडी रेड (लिनक्सची रेड), त्यावर बऱ्याचदा एलव्हीएम (जागेचे गट पाडणारा थर), त्यावर ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस ही फाइली मांडायची पद्धत. सिनॉलॉजीची एसएचआर ही रेडची पद्धतसुद्धा याच तीन थरांचं मिश्रण आहे, त्यात कंपनीची गुप्त विद्या काही नाही. त्यामुळे नॅसचा डबा नसला तरी उबंटू या फुकट लिनक्सच्या लाइव्ह पेन ड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता चालणाऱ्या) डेटा वाचता येतो. एमडीएडीएम आणि एलव्हीएम२ ही दोन पॅकेजं टाकायची, एमडीएडीएमला सापडतील त्या सगळ्या रेड जुळवायला सांगायचं, एलव्हीएमचे गट सक्रिय करायचे आणि व्हॉल्यूम ‘रीड ओन्ली’ माउंट करायचा, म्हणजे फक्त वाचण्यापुरता उघडायचा. आरसा पद्धतीच्या रेड १ मध्ये दोनपैकी कोणतीही एक धड डिस्क पुरते. प्रत्येक डिस्कवर तीन विभाग दिसतील: पहिला सिस्टीमचा, दुसरा स्वॅपचा, मोठा तो डेटाचा. पहिले दोन सगळ्या डिस्कवर सारखेच असतात, त्यात शोधत बसू नका.

अडचणी कुठे येतात तेही सांगतो. सिनॉलॉजीच्या बीटीआरएफएसमध्ये कंपनीने आपले बदल केले आहेत, लिनक्सच्या नव्या कर्नलवर (गाभ्यावर) तो माउंट व्हायला नकार देऊ शकतो. तेव्हा डिस्क खराब समजू नका, उबंटू १८.०४ किंवा १९.१० वरून बघा. क्यूनॅप या दुसऱ्या नॅस कंपनीचं एलव्हीएमही तिने बदललेलं असतं, ते साध्या उबंटूवर बहुधा उघडतच नाही. तिथे दुसरा क्यूनॅप किंवा यूएफएस एक्सप्लोररसारखं विकतचं सॉफ्टवेअर. अशा सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती फाइलींची यादी दाखवते. यादी नीट दिसली, मोठ्या फाइलींची नावं आणि आकार जुळले, तरच पैसे भरा. आणि डिस्क शक्यतो मदरबोर्डच्या साटा पोर्टला जोडा. काही यूएसबी डॉक सेक्टरचा आकार बदलून सांगतात, मग विभागच दिसत नाहीत आणि माणूस उगाच घाबरतो.

एमडीएडीएमच्या बाबतीत एक लक्ष्मणरेषा आहे. ‘एक्झामिन’ने प्रत्येक डिस्कची माहिती वाचायची, ती पूर्ण मजकूर फाइलीत ठेवायची. त्यात ‘इव्हेंट्स’ नावाचा आकडा असतो. दोन डिस्कचा आकडा सारखा आणि तिसरीचा बराच मागे, तर ती तिसरी आधीच बाहेर पडलेली होती, तिच्यावरचा डेटा शिळा. आकडे जवळजवळ असतील तर ‘असेंबल’ला ‘फोर्स’ जोडून चालतं. पण ‘क्रिएट’ची आज्ञा द्यायची नाही. इंटरनेटवर जुन्या सल्ल्यांमध्ये ती हमखास सापडते. डिस्कचा क्रम, तुकड्याचा आकार किंवा सुरुवातीची जागा यांतलं एकही चुकलं आणि मग जुळवाजुळव सुरू झाली, तर वाचवता येण्यासारखं होतं तेही जातं. तीच गोष्ट बीटीआरएफएसच्या ‘चेक रिपेअर’ची. आधी बीटीआरएफएस ‘रिस्टोअर’ वापरा, ते मूळ डिस्कवर काही लिहीत नाही, फाइली दुसरीकडे उतरवतं.

हे सगळं करायचं प्रतीवर, मूळ डिस्कवर नाही. प्रतीसाठी जीएनयू डीडीरेस्क्यू, खराब डिस्कची प्रत घेणारा लिनक्सवरचा प्रोग्राम. तितक्याच किंवा मोठ्या आकाराची कोरी डिस्क घ्या. पहिल्या फेरीत खरवडायचा टप्पा वगळणारा पर्याय द्या, म्हणजे सहज वाचता येतं ते आधी हाती लागतं आणि खराब जागी डिस्क तासन्‌तास अडकत नाही. दुसऱ्या फेरीत थेट वाचन आणि तीन पुनर्प्रयत्न. नोंदीची मॅप फाइल तिसऱ्या ठिकाणी, पेन ड्राइव्हवर ठेवा. ती असली की मधे लाइट गेली तरी काम जिथे थांबलं तिथून सुरू होतं, ती हरवली तर पहिल्यापासून. आणि एंटर दाबण्याआधी कोणती मूळ आणि कोणती कोरी हे सीरियल नंबरवरून पुन्हा बघा. उलट झालं तर कोरेपणाची तंतोतंत प्रत मूळ डिस्कवर उतरेल.

डिस्क टकटक करत असेल, किंवा फिरतच नसेल, तर यातलं काहीच करायचं नाही. वीज बंद. फ्रीझरमध्ये ठेवणं, टपली मारणं, झाकण उघडून बघणं हे बंद करा. सर्किट बोर्ड बदलण्याचाही उपयोग बहुधा होत नाही, कारण त्या डिस्कपुरती माहिती बोर्डावरच्या रॉम चिपमध्ये असते. ती चिप नव्या बोर्डावर हलवावी लागते.

डिलीट झालं, किंवा कुणी कुलूप घातलं

डिलीट झालेल्या फाइलींसाठी आधी रिसायकलचा फोल्डर बघा. शेअर केलेल्या प्रत्येक फोल्डरमध्ये तो वेगळा असतो आणि तो आधी चालू केलेला असावा लागतो. नसेल तर स्नॅपशॉट, म्हणजे नॅसने ठरावीक वेळी टिपून ठेवलेली फाइलींची जुनी अवस्था. तोही नसेल तर त्या व्हॉल्यूमवर लिहिणं ताबडतोब थांबवा, म्हणजे फोनचा फोटो अपलोड, कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग, डाउनलोड सगळं. मग डिस्क काढून फोटोरेकसारख्या साधनाने वाचायची. फोटोरेक फाइलींची नावं आणि फोल्डर परत देत नाही. हजारो फोटो नुसत्या आकड्यांच्या नावाने मिळतात, मग कॅमेऱ्याने आत लिहिलेल्या तारखेवरून ते लावायचे. लग्नाच्या फोटोग्राफरला हे परवडतं, टॅलीच्या फोल्डरला नाही.

खंडणीच्या व्हायरसचे दोन प्रकार वेगळे ओळखा. एकात घरातला विंडोज कॉम्प्युटर ग्रासलेला असतो आणि तो मॅप केलेल्या ड्राइव्हमधून नॅसवरच्या फाइली कुलूपबंद करतो. नॅस स्वतः निरोगी. त्या कॉम्प्युटरची नेटची वायर काढा, नॅसच्या नोंदीत कोणत्या युजरने फाइली बदलल्या ते बघा, आणि आदल्या दिवसाच्या स्नॅपशॉटवरून परत आणा. दुसऱ्यात नॅसमध्येच शिरकाव होतो. एप्रिल २०२१ मध्ये क्यूलॉकर नावाच्या व्हायरसने क्यूनॅपवरच्या फाइली पासवर्ड लावून सेव्हन झिपमध्ये कोंडल्या आणि ०.०१ बिटकॉइन मागितले. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट आला, त्याची मागणी ०.०३ बिटकॉइन. क्यूलॉकरमध्ये मूळ फाइली नुसत्या डिलीट होत होत्या, म्हणून ज्यांनी लगेच लिहिणं थांबवलं त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना फोटोरेकच्या मार्गाने काही ना काही परत मिळालं. डेडबोल्टच्या वेळी अपडेट आल्यावर खंडणीचं पानच निघून गेलं आणि पैसे भरायला तयार असलेल्यांची पंचाईत झाली. म्हणून अपडेट मारण्याआधी त्या पानाचा फोटो काढा आणि दोन-चार कुलूपबंद फाइली बाजूला ठेवा. जून २०२१ मध्ये डब्ल्यूडीच्या (वेस्टर्न डिजिटल) माय बुक लाइव्ह या नेटवर्क डिस्कचं तर जगभरात दुरूनच फॅक्टरी रिसेट झालं. २०१५ नंतर त्या उपकरणाला अपडेटच आलेलं नव्हतं.

नॅसमध्येच शिरकाव झालेल्या या सगळ्यांत समान धागा एकच: नॅस थेट इंटरनेटवर उघडा होता. राऊटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी, म्हणजे बाहेरून आत यायची दारं, बंद करा. बऱ्याच ब्रॉडबँडवर सार्वजनिक आयपी मिळतच नाही, त्यामुळे पोर्ट उघडून तसाही फायदा नसतो. बाहेरून फाइली हव्या असतील तर टेलस्केल किंवा वायरगार्ड ही व्हीपीएनची (सुरक्षित खासगी जोडणीची) साधनं. ‘अ‍ॅडमिन’ नावाचं खातं बंद, दुसऱ्या नावाच्या खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन, आणि रोजच्या कामाला अ‍ॅडमिन नसलेलं खातं. शेवटची गोष्ट सगळे टाळतात, पण स्नॅपशॉट पुसण्याचा अधिकार अ‍ॅडमिनलाच असतो, म्हणून तीच महत्त्वाची. सिनॉलॉजीच्या डीएसएम सिस्टीमच्या ७.२ आवृत्तीपासून ठरावीक दिवस कुणालाच पुसता येणार नाहीत असेही स्नॅपशॉट घेता येतात. सात दिवसांचे ठेवले तरी बराच धीर असतो. फक्त जागा भरली की फाइली डिलीट करून ती मोकळी होत नाही, स्नॅपशॉटने धरलेली असते. व्हॉल्यूम ८० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका.

वीज, ऊन आणि गोदावरी

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की लाइट जाते, येते, पुन्हा जाते. नॅससाठी लाइट एकदाच जाण्यापेक्षा ही ये-जा वाईट. घरी इन्व्हर्टर आहे म्हणून निश्चिंत राहू नका. त्याच्या मागे बहुधा एक खटका असतो, त्याच्या साध्या मोडमध्ये बदलायला इतका वेळ लागतो की ट्यूबलाइट फक्त मिचकते, पण नॅस रिस्टार्ट होतो. तो यूपीएस मोडवर हवा. तरीही इन्व्हर्टर नॅसला ‘बॅटरी संपत आली’ असं सांगू शकत नाही. बॅटरी बसली की नॅस धाडकन बंद, लिहायचं राहिलेलं सगळं गेलं. म्हणून इन्व्हर्टरच्या पुढे ६०० व्हीएचा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस, आणि त्याला यूएसबी पोर्ट हवाच. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलना तो नसतो, एम. जी. रोडला घेताना मागची बाजू बघून घ्या. दोन डिस्कचा नॅस आणि राऊटर मिळून ३०-४० वॉट, नव्या ७ एएचच्या बॅटरीवर अर्धा तास आरामात निघतो. नॅसमध्ये पाच मिनिटांनी सुरक्षित बंद व्हायची सूचना द्या आणि खरोखर प्लग काढून एकदा बघा. बॅटरी दोन-तीन वर्षांत थकते.

नेटची तांब्याची वायर गच्चीवरून, शेजारच्या इमारतीवरून लोंबत येत असेल तर विजेचा झटका त्याच वायरने राऊटर आणि नॅसच्या पोर्टपर्यंत येतो. फायबर थेट घरात आली की तो मार्ग बंद. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

एप्रिल-मेमध्ये नाशकातही पारा चाळिशीला टेकतो. माळ्यावर किंवा टीव्हीच्या बंद शोकेसमध्ये ठेवलेल्या नॅसच्या डिस्क सहज पन्नाशी गाठतात. ४५ च्या खाली ठेवा, मागे चार बोटं जागा सोडा, पंख्याची जाळी पावसाळ्याआधी ब्रशने साफ करा. आणि घर किंवा दुकान सराफ बाजार, भांडी बाजार, पंचवटीच्या खालच्या अंगाला असेल तर नॅस जमिनीलगत नको. गोदापात्रातल्या, पुराची खूण मानल्या जाणाऱ्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की त्या गल्ल्यांची काय अवस्था होते ते सांगायला नको. तिथल्या लोकांची दुसरी प्रतही त्याच पूररेषेत नसावी. इंदिरानगर, सिडको किंवा सिन्नरच्या नातेवाइकांकडे एक डिस्क ठेवली तर पूर, चोरी, आग तिन्हींतून ती सुटते.

डिस्क निवडणं आणि प्रती

दुकानदार ‘टीबी टीबीच असते’ म्हणून साधी डेस्कटॉपची डिस्क देतो. तिची अडचण अशी की खराब सेक्टर लागला की ती एकटीच मिनिटभरही झगडत बसते. लिनक्स साधारण ३० सेकंद वाट बघतं आणि डिस्क मेली समजून बाहेर काढतं. नॅससाठीची डिस्क सातेक सेकंदांत हार मानून कळवते, बाकीचं काम रेड सांभाळतं. दुसरी अडचण एसएमआरची. त्यात पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात, सलग लिहिताना ठीक, पण रिबिल्डमध्ये गुदमरतात. २०२० मध्ये डब्ल्यूडीला मान्य करावं लागलं की तिच्या ‘रेड’ नावाच्या नॅस डिस्कपैकी २ ते ६ टीबीच्या काही एसएमआर आहेत. आता डब्ल्यूडीची ‘रेड प्लस’ किंवा सीगेटची आयर्नवुल्फ घ्या, दोन्ही सीएमआर, म्हणजे पट्टे एकावर एक न चढवलेल्या. दोन डिस्क वेगवेगळ्या दुकानांतून, महिनाभराच्या अंतराने घेतल्या तर उत्तम.

रेड म्हणजे बॅकअप नव्हे हे आता सगळ्यांना पाठ आहे. सिंक म्हणजेही बॅकअप नव्हे हे मात्र नाही. फोनवर डिलीट केलं की नॅसवर डिलीट, दुहेरी सिंक असेल तर क्लाउडवरही. बॅकअपला जुन्या आवृत्त्या हव्यात. सिनॉलॉजीवर हायपर बॅकअप, क्यूनॅपवर एचबीएस ३. यूएसबीच्या दोन डिस्क घ्या, आलटून पालटून लावा, काम झालं की इजेक्ट करून काढून ठेवा. कायम लावून ठेवलेली डिस्क व्हायरसलाही दिसते. टॅली चालू असताना त्याच्या फोल्डरची सरळ कॉपी घेतली तर ती अर्धवट असू शकते. टॅलीचाच बॅकअप आधी घ्या आणि मग तो नॅसच्या बॅकअपमध्ये जाऊ द्या. क्लाउडवर पहिली प्रत चढायला वेळ लागतो: १ टीबीला १०० एमबीपीएसच्या अपलोडवर किमान २२ तास, आणि घरगुती प्लॅनचा अपलोड तेवढा पूर्ण मिळेलच असं नाही. दोनशे जीबीचं एक लग्न रातोरात जातं, दहा वर्षांचं काम आधी यूएसबीवरूनच न्यावं.

महिन्यातून एकदा स्क्रबिंग (साठवलेला सगळा डेटा वाचून तपासणं), आठवड्याला स्मार्टची छोटी चाचणी, महिन्याला मोठी, आणि बिघाडाचा मेल चालू. मेलचं ‘टेस्ट’ बटण दाबून तो खरंच येतो का बघा. पासवर्ड बदलल्यावर तो मुकाट्याने बंद पडतो आणि डिग्रेडेड नॅस कित्येक महिने कुणाला न कळता चालत राहतो. गुढीपाडव्याला आणि दिवाळीच्या साफसफाईत, वर्षातून दोनदा, बॅकअपमधला एक फोल्डर निवडून वेगळ्या जागी उतरवा आणि त्यातले व्हिडिओ शेवटपर्यंत चालवून बघा. ‘यशस्वी’ असा हिरवा टिळा याची खात्री देत नाही.

लॅबकडे देण्याची वेळ आली तर

शहरातल्या दुकानात दिलेली डिस्क बऱ्याचदा कुरिअरने बाहेरगावच्या लॅबकडे जाते. ती कुठे उघडणार, तिथे क्लीनरूम (धूळविरहित खोली) आहे का, डेटा मिळाला नाही तर किती आकारणार, आणि काम डिस्कच्या प्रतीवर होणार का, हे चार प्रश्न लेखी विचारा. रेडच्या सगळ्या डिस्क द्या, मेलेलीसुद्धा, खणांच्या नंबरासकट. सोबत त्या पहिल्या फोटोंच्या प्रती आणि तुम्ही आतापर्यंत काय काय करून बघितलं त्याची खरी यादी. काही लपवलं की लॅबवाल्याचे तास वाढतात आणि बिलही. पॅकिंग अँटिस्टॅटिक पिशवीत, प्रत्येक डिस्कभोवती दोन इंच फोम. वर्तमानपत्राचे बोळे नकोत.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही, आणि जुनी डिस्क कंपनीकडे जाते. तिच्यावर तुमच्या क्लायंटचे पॅन आणि बँकेचे कागद असतील तर एन्क्रिप्शन पहिल्या दिवशीच लावलेलं बरं, मेलेली डिस्क पुसता येत नाही. पण किल्लीची फाइल त्याच नॅसवर ठेवू नका. हायपर बॅकअप एन्क्रिप्टेड बॅकअपसाठी किल्लीची फाइल देतो, ती आणि पासवर्ड पेन ड्राइव्हवर घ्या, पासवर्ड कागदावरही लिहा, आणि दोन्ही घराच्या कागदपत्रांसोबत फायलीत लावा. ती फाइल कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत हवं.